वाळवंटातला झिरा

बार्शीच्या डॉक्टरांनी दादांना हवापालट करायला सांगितलं. त्यांच्या मनात काय असणार, हे कुणालाही कळलं असतं. कचेरीतून रजा घ्या, मावशीच्या मळ्यात जाऊन राहा, हुरडा खा, बाजेवर पडून आभाळ बघा. पण साधी गोष्ट साधेपणानं करणं दादांना कमीपणाचं वाटायचं. ते तपासणीच्या खोलीत एकटेच गेले होते. आई आणि मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो आणि पडद्याआडून डॉक्टरांचं भरभर इंग्रजी आणि मध्ये मध्ये दादांचं 'येस, येस' ऐकू येत होतं. दादांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण ते येत नाही असं तोंडानं कबूल करणं त्यांना त्याहून कमी यायचं. बाहेर आले ते कोटाची बटणं लावत. "काही नाही. छातीची ताकद जरा कमी पडलीय. दुखलं की घ्यायला गोळी दिलीय. आणि हवापालट सांगितलाय." आईनं मान हलवली. पण ती चपला शोधायचं निमित्त करून मागं रेंगाळली आणि तिनं कंपाउंडरला गाठलं. तो म्हणाला, "बाई, साहेबांना जपा. आता झटका आला तर झेपायचा न्हाय." एसटीत माझ्याशेजारी बसल्यावर तिनं एवढंच माझ्या कानात सांगितलं आणि मग भूम येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दादा तहसिलीत अव्वल कारकून होते. गाव त्यांना रावसाहेब म्हणायचं आणि गावाची ही चूक त्यांनी कधी दुरुस्त केली नाही. आदल्या वर्षी कुणी मोठे साहेब राजस्थानात जाऊन आले होते आणि कचेरीतल्या चहाच्या वेळी त्यांनी उंटांच्या आणि वाळूच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तेव्हापासून दादांच्या मनात ते होतंच. हवापालट हा शब्द त्यांना डॉक्टरांनी दिला आणि त्यात वाळवंट त्यांनी स्वतः भरलं. भूमसारख्या गावातल्या माणसानं कोरडी हवा खायला हजारभर मैल जावं, यातला विनोद घरात फक्त मला कळत होता. मी नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते आणि जगातला सगळा विनोद फक्त आपल्यालाच कळतो, असं वाटण्याचं ते वय. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव वेगळं होतं. पाणी मात्र आजच्याइतकंच होतं.

आमच्या घराला लागून रशीदचाचांचं शिलाईचं दुकान होतं. भिंत एकच, त्यामुळं त्यांच्या मशीनची खडखड आमच्या घरातल्या भांड्यांच्या आवाजात मिसळून गेलेली असे. दादांचा दिवसही आवाजांनीच चालायचा. पहाटे गुळण्या, मग रेडिओ, मग पायरीवर जोड्यांची आपटाआपट आणि या सगळ्यावर दर थोड्या वेळानं एकच शब्द, "पाणी!" तो कुणाला उद्देशून आहे हे कधी सांगावं लागत नसे. आई कणकेच्या हातानं उठायची आणि तांब्या नेऊन ठेवायची. तो शब्द ऐकून ती उठली नाही, असं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

प्रवासासाठी दादांनी गरम कापडाचा सूट शिवायला टाकला. रशीदचाचा माप घेता घेता म्हणाले, "साब, वाळवंटात चाललाय की वरातीत?"

"थंडी असते तिकडं. कडाक्याची."

"ते खरं. पन वाळवंट बघायला इतक्या लांब कशाला जाताव? बाणगंगेत काय वाळू कमी पडली?"

"अरे, ते नदीचं वाळवंट. हे खरं वाळवंट."

"लो! आमी जिंदगीभर खोट्याच वाळवंटात बसलो की," चाचा म्हणाले आणि टेप गळ्यात टाकून त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. आई आतून ऐकत होती. ती हसली नाही. ती दशम्या करत होती, दुधात भिजवलेल्या, चार दिवस टिकतील अशा. शेंगांची चटणी कुटून झाली होती, धपाटे झाले होते, लसूण सोलून ठेवला होता, आणि फिरकीचा पितळी तांब्या चिंचेनं घासून ती पुन्हा पुन्हा उलटा करून गळतो का बघत होती. "इतकं सगळं कशाला?" मी विचारलं. ती म्हणाली, "जशेच्या तशे घरी आणायचेत त्यांना. बास. मला उंट बघायचा न्हाय का काय न्हाय."

एसटी स्टँडवर निरोप समारंभ झाला. कचेरीतल्या लोकांनी हार आणले होते, नारळ होता, आणि एका मास्तरांनी, एसटी सुटायची वेळ होऊन गेलेली असताना, मानवाची निसर्गाला गवसणी या विषयावर चार शब्द सांगितले. कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून उभा होता. दादांनी उत्तरादाखल सांगितलं की परत आल्यावर ते वाचनालयात वाळवंटावर व्याख्यान देतील. टाळ्या पडल्या. आई आधीच खिडकीशी बसली होती, मांडीवर तांब्या घेऊन. एसटी हलली तशी गळ्यातल्या हारांमुळं दादांना धड बसता येईना, पण कुर्डुवाडी येईपर्यंत त्यांनी ते काढले नाहीत.

रेल्वेचा प्रवास मला आज तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. मुंबईला आम्ही फक्त फलाट बदलला. पुढं गुजरातेत पहाटे चहाचे मातीचे पेले आणि मग छोट्या रुळांवरची गाडी, जिच्या खिडक्या कितीही ओढल्या तरी बारीक वाळू आत येतच राहायची. दशमीत वाळू, पांघरुणात वाळू, दातांत वाळू. स्टेशनांवरच्या पुलांच्या पायऱ्या चढताना दादा मध्येच थांबायचे, कठड्याला हात टेकून रूळ न्याहाळायचे आणि म्हणायचे, "बघ सुमे, काय बांधणी आहे इंग्रजांची!" ते असं पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी खरोखर बांधणी बघितली. नंतर मी त्यांच्या मानेवरच्या घामाकडं बघू लागले. आई सामान घेऊन एक पायरी मागं उभी असायची आणि ते पुन्हा पाऊल उचलेपर्यंत तीही इंग्रजांची बांधणी बघायची. असा तो हवापालट चालला होता.

जोधपूरला दादांनी भाड्याची मोटार ठरवली. पुढं रेल्वे जात होती, पण ते मोठे साहेब मोटारीनं गेले होते. पांढरी अँबेसिडर, आणि तिचा ड्रायव्हर किसना, लाल फेट्याचा, कमी बोलणारा माणूस. दादा पुढं बसले. "जनाब, आहिस्ता तशरीफ ले चलिए," असं ते त्याला म्हणाले, आणि किसनानं आरशातून माझ्याकडं बघितलं, की हे काय म्हणतायत? पुढचे दोन दिवस बरे गेले, हे लिहून ठेवायला हवं, कारण नंतर जे झालं त्यानं ते पुसून गेले. जैसलमेरचा पिवळा किल्ला बघितला. वाळूच्या टेकड्या बघितल्या. टेकडीच्या माथ्यावर आई चपला हातात घेऊन उभी राहिली आणि खाली घसरत जाणाऱ्या वाळूकडं बघून एकदम हसली, लहान मुलीसारखी. दादांनी खालूनच विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाय. हिला बूडच न्हाय." दादा टेकडी चढले नाहीत. त्यांनी पायथ्याशी, सुटाची तिन्ही बटणं लावून, उंटाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तो फोटो पुढं बऱ्याच दिवसांनी पोस्टानं आला. त्यात उंट बराच कंटाळलेला दिसतो.

परतीच्या वाटेवर दादांना एक मोडकं देऊळ बघायचं होतं. साहेबांनी ते बघितलं होतं. किसना म्हणाला, रस्ता खराब आहे, तिकडं कुणी फिरकत नाही. दादा म्हणाले, म्हणूनच बघायचं. डांबरी रस्ता सोडून आम्ही कच्च्या वाटेला लागलो. देऊळ काही दिसलं नाही. दिसली ती एक कोरडी नदी, रुंद, पांढऱ्या वाळूची, काठाला दोन-चार खुरटी झाडं. अगदी चैत्रातली बाणगंगा. तिच्या काठाशीच मोटारीच्या तोंडातून वाफ येऊ लागली. किसनानं टोपण उघडलं आणि मोटारीला टांगलेल्या कॅनव्हासच्या पिशवीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. ते पुरलं नाही. दादा म्हणाले, "तो तांब्या आण."

आई म्हणाली, "तांब्या राहू द्या हो. प्यायला तेवढंच हाय."

"अगं, गाडी चालली तर पाणीच पाणी. गाडी आहे तर आपण आहोत." आणि किसनाकडं वळून, "लीजिए, डालिए."

तांब्यातलं पाणी ओतलं तसं ते खालून गळून वाळूत गेलं. वाळूनं ते इतक्या लगेच पिऊन टाकलं, की डागही धड राहिला नाही. किसना खाली वाकून बघत राहिला, मग फेटा सारखा करून म्हणाला, त्या बाजूला एक ढाणी आहे, चार घरांची वस्ती, तिथून उंटगाडी आणि पाणी घेऊन येतो. तो चालू लागला. त्याचा लाल फेटा बराच वेळ दिसत होता. नंतर दिसेनासा झाला. दुपार होती, ऊन सौम्य होतं आणि वारा बोचरा. कसलाही आवाज नव्हता. आमच्या गावात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तिथं निदान रशीदचाचांचं मशीन तरी असायचं.

दादांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मला तेव्हाच कळलं. ते बटण त्यांनी सबंध प्रवासात कुणासमोर काढलं नव्हतं. डावा हात चोळत ते म्हणाले, "जरा जळजळतंय. धपाटे बाधले." मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. आईनं त्यांच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते म्हणाले, "पाणी."

आई तांब्याकडं बघत राहिली.

"तशीच घ्या की हो. चघळा."

"कोरडी गोळी खायला मी काय शेळी आहे?" ते म्हणाले. तशा अवस्थेतही त्यांच्या आवाजात कचेरी होती. "पाणी मिळू दे, घेतो."

ती गोळी जिभेखाली ठेवायची असते. तिला पाणी लागत नाही. आज हे कुणालाही ठाऊक असतं, मला पुष्कळ वर्षांनी कळलं. डॉक्टरांनी ते त्या दिवशी नक्की सांगितलं असणार. दादांनी त्यावर 'येस' म्हटलं असणार.

आई उठली. तिनं डब्याचं झाकण आणि वाटी घेतली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "तू बस त्यांच्यापाशी. झिरा पाडते." आणि ती उतरून नदीच्या पात्रात गेली. तिचं माहेर बाणगंगेच्या काठचं. उन्हाळ्यात नदी आटली की तिथल्या बायका वाळूत हात-दोन हात खड्डा करतात, तोच झिरा. आधी ओल लागते, मग बुडाशी पाणी पाझरतं. पहिलं पाणी गढूळ, ते उपसून टाकायचं. मग थांबायचं, निवळू द्यायचं, आणि वाटीवाटीनं घागर भरायची. आई चालायला लागल्यापासून हे करत आली होती. वाळू दिसली की खाली पाणी असतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, जसं भाकरी गोल असते हे कुणी शिकवत नाही. तिच्या भाषेत वाळवंट म्हणजे नदी आणि नदी म्हणजे पाणी. आज ते वर असेल, उद्या खाली असेल. मलाही त्या क्षणी शंका आली नाही. कॉलेजात भूगोल शिकलेली मी, मीही मनात म्हणाले, पाडेल आई.

दादा मागच्या सीटवर आडवे झाले होते. डोकं माझ्या मांडीवर, हाताची मूठ वळलेली, मुठीत गोळी. थोड्या वेळानं म्हणाले, "बघून ये कुठवर आलंय." मी पळत गेले. आई गुडघ्यावर बसून झाकणानं वाळू उपसत होती. खड्डा मांडीइतका झाला होता आणि कडा सारख्या आत ढासळत होत्या. तिनं तळाची मूठभर वाळू उचलून गालाला लावली. ओल पाहायची ती रीत. ती म्हणाली, "थंडगार हाय. जवळच असंल." वाळू थंड होती ती थंडीमुळं. आम्हा दोघींना ते कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, कुणास ठाऊक. मीही दोन्ही हातांनी उपसू लागले. वरून दादांची हाक आली, "सुमे!" आई म्हणाली, "जा. त्यांना म्हनावं आत्ता लागतंय."

मी सांगितलं. ते म्हणाले, "जागा चुकली असंल. वळणाच्या आतल्या अंगाला खोदायचं असतं. सांग तिला." मी ते सांगायला पळाले. आईनं वर न बघता म्हटलं, "ठाऊक हाय म्हनावं. वळनावरच हाय मी." खड्डा आता तिच्या कमरेएवढा होता. ती त्यात उतरली होती, केसांत, पापण्यांत वाळू, आणि प्रत्येक झाकणामागं तेवढीच वाळू परत आत येत होती. तिनं वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. एकदाच ती थांबली आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "वाळू हाय आन् पानी न्हाय, असली कसली नदी ही?" मग पुन्हा वाकली.

मी परत गेले तेव्हा दादांचा श्वास तुटत होता. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत रावसाहेब नव्हते, अव्वल कारकूनही नव्हता, कुणीतरी वाट बघून दमलेला माणूस होता. त्यांनी विचारलं, "लागली का ओल?"

मी म्हणाले, "लागली, दादा. पाणी आलंय."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. मग अगदी हळू, पण नेहमीच्याच, सूचना देण्याच्या सुरात ते म्हणाले, "मग गढूळ असंल. निवळू द्या. घाई करू नका."

ते निवळायची वाट बघत पडून राहिले. मी त्यांच्या कपाळावरची वाळू पुसत होते. खालून आईच्या झाकणाचा आवाज येत होता, खस, खस, एका लयीत. तो आवाज येत राहिला आणि दुसरा थांबला. मला ते लगेच कळलं, पण मी आईला हाक मारली नाही. तिचं तिलाच कधीतरी वर बघावं लागलं. ती खड्ड्यातून कोपरांवर जोर देऊन बाहेर आली, चढ चढून मोटारीपाशी आली, रिकामी वाटी हातात. तिनं त्यांच्या नाकाशी बोटं धरली. मग त्यांची मूठ उघडली. गोळी घामानं विरघळून तळहाताला चिकटली होती. तिनं ती पदरानं पुसली आणि त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

ऊन कलल्यावर किसना उंटगाडी घेऊन आला. गाडीत पाण्याचे दोन मोठे माठ होते. इतकं पाणी, की ते हिंदकळून वाळूत सांडत होतं. काय झालं ते बघून त्यानं फेटा काढून हातात घेतला. त्याच्याबरोबरच्या म्हाताऱ्यानं नदीकडं, त्या खड्ड्याकडं पाहिलं आणि विचारलं, हे काय? किसना माठ उतरवू लागला. मला वाटतं त्याला कळलं होतं, आणि त्यानं ते म्हाताऱ्याला सांगितलं नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत. आईनं माठातलं पाणी वाटीत घेतलं आणि दादांच्या तोंडात सोडलं. ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं.

जवळच्या गावात त्यांना अग्नी दिला. भूमला परत येताना आम्ही दोघीच होतो, आणि आईच्या नखांत ती वाळू बरेच दिवस होती. वाचनालयात वाळवंटावरच्या व्याख्यानासाठी ठरलेल्या संध्याकाळीच शोकसभा झाली. त्याच मास्तरांनी, त्याच शब्दांत थोडा फेरफार करून, मानवाची निसर्गाला गवसणी याच विषयावर भाषण केलं. लोकांनी चुकून टाळ्या वाजवल्या. रशीदचाचा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. ते तेवढे मध्येच निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या मशीनचा आवाज आला नाही.

परतीच्या गाडीत आईनं एकदाच विचारलं होतं, "शेवटी काय बोलले?" मी सांगितलं, जसंच्या तसं. माझं वाक्यही सांगितलं. ती म्हणाली, "मंजी चिडले नव्हते." मी म्हणाले, "नाही." त्यानंतर तिनं तो विषय कित्येक वर्षं काढला नाही. आता ती ऐंशीच्या पुढं आहे, माझ्याजवळच असते, आणि आलेल्या-गेलेल्याला दादांची गोष्ट सांगते. मी उभा जन्म लोकांच्या बढाया खोडण्यात घालवला. सत्काराच्या भाषणांत चुका काढल्या, लोकांनी आपल्या वंशावळीत घुसवलेले राजे कापले, साहेबांच्या साहेबीला नावं ठेवली. परवा शेजारची नवी सून चहाला आली होती. आई तिला सांगत होती, "पानी लागलं व्हतं गं. वाळूत पानी नसतंय असं कुठं व्हतंय व्हय? मीच पाडला झिरा. पन पहिलं पानी गढूळ असतंय. ते म्हनाले, निवळू द्या. निवळायच्या आत गेले." सून माझ्याकडं बघत होती. आई म्हणाली, "हिला इचार. ही व्हती तितं. किती आलं व्हतं गं सुमे?"

"वीतभर," मी म्हणाले.